शेंदराखालचा मुद्गल

मित्रांनो, मी बाभळीच्या लाकडाचा एक जुना मुद्गल आहे. माझी मूठ बारीक, डोकं जड आणि वजन सहा किलो. मला दोन्ही हातांनी धरून डोक्यामागून फिरवतात, म्हणजे खांदे आणि दंड भरतात. माझ्या डोक्यावर शेंदराचा जाड थर आहे. मूठ मात्र उघडी आहे, तेल पिऊन काळी झालेली. पाहणारा विचारतो, हा देव आहे की वस्तू? मला स्वतःलाही ते नीट सांगता येत नाही. जे घडलं तेवढं सांगतो.

वडनेरच्या रस्त्याला डोमाजींचं शेत होतं. त्या शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, मी झाड म्हणून उभा होतो. एका उन्हाळी वादळात मी आडवा झालो. डोमाजींनी रूपराव सुताराला बोलावलं आणि म्हणाले, "याचा एक लहान मुद्गल काढा. नव्या पोट्ट्यांसाठी."

रूपरावांनी माझा ओंडका कापला आणि सावलीत टाकून दिला. महिना गेला, दोन महिने गेले. डोमाजी रोज येऊन विचारायचे. शेवटी रूपराव वैतागले. "वस्ताद, तुम्ही पोट्ट्यायले सांगता का आंग एका दिवसात बनत नाई, अन् मले लाकडाची घाई करता? ओल्याले रंधा लावला त चीर पडन. आंगातलं पाणी त्याले आपल्या मनानं सोडू द्या."

डोमाजी हसले आणि गेले. मी दीड वर्ष वाळत पडलो. त्या दीड वर्षात काय वाटलं, असं कोणी विचारलं तर सांगण्यासारखं काही नाही. वाळत होतो, एवढंच.

एकोणीसशे ब्याण्णवच्या हनुमान जयंतीला मी अल्लीपूरच्या आखाड्यात आलो. डोमाजींचं गावात तेलाचं दुकान होतं. दिवसभर ते दुकानात तेल मापून द्यायचे आणि पहाटे व संध्याकाळी मारुतीच्या देवळामागे पोरांना शिकवायचे. आखाड्यात माझ्यापेक्षा जड चार मुद्गल होते. मी सगळ्यांत लहान, म्हणून सगळ्यांच्या हातचा. नवा पोरगा आला की आधी माझी मूठ धरायचा. खुद्द डोमाजीही रोज खांदे मोकळे करायला आधी मलाच उचलायचे. त्यांच्या उजव्या तळव्यावर तेलाच्या मापाच्या कडीचा एक घट्टा होता. तो माझ्या मुठीच्या एका खाचेत बरोबर बसायचा.

त्यांची शिकवण साधी होती. रोज तेच ते करायचं नाही. सोमवारी जोर आणि बैठका, मंगळवारी मुद्गल, बुधवारी कुदळीने हौद्यातली, म्हणजे कुस्तीच्या खड्ड्यातली, माती खणायची, गुरुवारी दोर चढायचा, शुक्रवारी नाल्यापर्यंत धावत जाऊन यायचं. शनिवारी काहीच नाही. शनिवारी मारुतीला तेल, आम्हा मुद्गलांना जवसाचं तेल, आणि शरीराला आराम.

एकदा एक पोरगा शनिवारीही जोर मारायला लागला. डोमाजींनी त्याला कान धरून उभं केलं.

"काऊन बे, काय करून राह्यला?"

"वस्ताद, लवकर बनाचं हाय."

"लेका, आंग मेहनतीनं तुटते अन् आरामात बनते. शेत पेरल्यावर रोज उकरून पाह्यतं काय, उगवलं का नाई म्हणून?"

खाण्याचंही तसंच. रात्री भिजवलेले हरभरे सकाळी गुळाच्या खड्याबरोबर. दुपारी ज्वारीची भाकर, तुरीचं घट्ट वरण, अंबाडी नाहीतर मेथी, वर जवसाची चटणी. संध्याकाळी मूठभर शेंगदाणे आणि एक पेला दूध. ज्याच्या घरी दूध नसेल त्याला सुमित्राबाई, म्हणजे डोमाजींच्या पत्नी, मागच्या दाराने ताक द्यायच्या. त्या स्वतः आखाड्यात कधी आल्या नाहीत. बाईमाणसाने आखाड्याच्या मातीत पाय ठेवायचा नाही, अशी गावची रीत होती. त्या कुंपणाबाहेरून मारुतीला हात जोडायच्या आणि परत जायच्या.

सहा वर्षं मी असा हातोहात फिरलो. हनुमान जयंतीला लोक म्हणायचे, या मुद्गलावर शिकलेले पोट्टे लष्करात गेले, पोलिसात गेले. ऐकून बरं वाटत असावं. नक्की आठवत नाही.

अठ्ठ्याण्णवच्या पावसाळ्यात एके दिवशी डोमाजींना दुकानात तेल मोजता मोजता लकवा मारला. माप हातातून पडलं. उजवा हात, उजवा पाय गेला, जीभ जड झाली. वर्ध्याच्या दवाखान्यात तीन आठवडे काढून त्यांना घरी आणलं आणि मागच्या पडवीत बाजेवर निजवलं. वस्ताद नाहीत म्हणून पोरं यायची थांबली. आखाड्याच्या खोलीत कोणीतरी खताची पोती ठेवली. चार जड मुद्गलांना वाळवी लागली.

मला सुमित्राबाईंनी घरी आणवलं. पडवीच्या भिंतीत, बाजेच्या उशाशी, एक कोनाडा होता. त्यात छोटा मारुती होता. शनिवारी डोक्यावरून न्हाऊन, ओल्या पातळाने, त्यांनी मला त्या मारुतीशेजारी उभं केलं. वाटीत तेल आणि शेंदूर कालवला. माझ्या डोक्यापासून मुठीच्या टोकापर्यंत माखला. मग हात जोडून हळू आवाजात म्हणाल्या, "मारुतीराया, हे उठून उभे राह्यतपर्यंत याले कोनी उचलनार नाई. हा तुमचा."

मित्रांनो, सुमित्राबाई नेमाची बाई. सोमवार, एकादशी, तुळशीला पाणी, दिवेलागणीला जप, यातलं काही त्यांनी चुकवलं नाही. बोललेला शब्द त्या देवाचा मानायच्या. म्हणून तो शब्द मोडणं कोणाच्या मनातही आलं नाही.

पुढच्या महिन्यात मालिश करणारा माणूस येऊ लागला. एक दिवस तो म्हणाला, "वस्तादच्या हातात रोजच्या वळणाचं काही देत जा, माय. मूठ धराची सवय हाय हाताले. हातालेच आठवन थे."

डोमाजींचे डोळे कोनाड्याकडे गेले. माझ्यात आणि त्यांच्या उजव्या हातात एका हाताचं अंतर होतं. त्यांनी तोंड उघडलं, पण शब्द निघाला नाही.

सुमित्राबाई म्हणाल्या, "तो नाई. तो देवाचा झाला आता."

मग त्यांनी हातात टॉवेलची गुंडाळी दिली. ती रोज खाली पडायची.

मला धरलं असतं तर तो हात चालला असता का? ते मला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही. पण ती गुंडाळी पडायची आणि डोमाजी माझ्याकडे पाहायचे, हे मी पाच वर्षं पाहिलं. दर शनिवारी माझ्यावर शेंदराचा नवा हात चढायचा. प्रसादाच्या साखरेसाठी मुंग्या यायच्या. थर जाड होत गेला तसं बाहेरचं काही कळेनासं झालं. ऊन कळेना, थंडी कळेना. लोक पाया पडायचे तेही कळत नसे. पूजेत काही कमी नव्हतं. नुसतं कोणी उचलत नव्हतं.

आता घरातल्या दोन नातवंडांची गोष्ट. डोमाजींचा मुलगा गुलाबराव दुकान पाहायचा. त्याचा मोठा मुलगा निकेश आणि धाकटी मुलगी गुंजन. निकेशला मित्राच्या लग्नात बिनबाहीचं बनियन घालून फोटो काढायचा होता. त्याने शहरातून पावडरीचा डबा आणला, आणि कोणीतरी कागदात बांधून दिलेल्या बिननावाच्या गोळ्या. दीड महिन्यात दंड फुगले, तोंडही फुगलं. मग पाठभर फोड आले आणि पोट बिघडलं. लग्नाच्या दिवशी तो घरातच होता. डॉक्टरांनी गोळ्या नालीत टाकायला लावल्या. डब्यात सुमित्राबाई आता खडे मीठ ठेवतात.

गुंजनचं वेगळं होतं. तिला पोलिसात जायचं होतं. बारावी झाली आणि वडिलांनी तिला दोन भरत्यांची मुदत दिली. दोन भरत्यांत झालं तर ठीक, नाहीतर हिंगणघाटचं आलेलं स्थळ. ती धावायची चांगली. लेखी अभ्यासही चांगला होता. अडत होतं ते गोळाफेकीला. चार किलोचा गोळा तिच्या हातातून जेमतेम सुटायचा.

दोन हजार तीनच्या भरतीत तेच झालं. संध्याकाळी ती वर्ध्याहून आली आणि आबाजींच्या, म्हणजे आजोबा डोमाजींच्या, बाजेच्या पायथ्याशी बसली. निकेशने विचारलं, "काय वो, गोळा फेकला का पंगतीत लाडू वाढला?"

"लाडूच वाढला," गुंजन म्हणाली. ती रडत नव्हती. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. "दोन मार्कानं गेलं. खांद्यात जोरच नाई माह्या."

"माह्या डब्यात मीठ हाय, थे खा."

"निकेश," सुमित्राबाई म्हणाल्या. 

तेव्हा डोमाजींनी डावा हात उचलला आणि कोनाड्याकडे दाखवला. पाच वर्षांत त्यांची जीभ थोडी सैल झाली होती. एक एक शब्द ओढून काढावा लागे.

"थो... दे तिले."

सुमित्राबाई वाती वळत होत्या. हात थांबला. "काय बोलता? शब्द देला हाय देवाले. तुम्ही उठतपर्यंत."

"गुलाबची माय," डोमाजी म्हणाले.  "मी नाई उठत आता. याले उठू दे."

 पोरीची एक भरती गेली होती, एक उरली होती. सुमित्राबाईंनी वाती संपवल्या, दिवा लावला, जप केला. रोजच्यापेक्षा एक माळ जास्त झाली.

तीन दिवसांनी शनिवार आला. त्या न्हाऊन आल्या, पण हातात शेंदराची वाटी नव्हती. उलथणं होतं आणि एक धुतलेलं पांढरं फडकं. गुंजन दारात उभी होती. तिला ऐकू जाईल इतकंच त्या बोलल्या, "मारुतीच्या आंगावरची शेंदराची खोळ जुनी झाली का आपोआप गळते. तिले गंगेत सोडतात. याची गळत नाई, म्हणून मी काढून राह्यली." त्यांनी मुठीवरचा शेंदूर पापुद्र्या-पापुद्र्याने सोडवला. एकही कण जमिनीवर पडू दिला नाही. डोक्याला मात्र उलथणं लावलं नाही. फडकं बांधून नदीत सोडून आल्या. त्या दिवसापासून त्यांनी गोड सोडलं. का सोडलं, ते कोणाला सांगितलं नाही.

मुठीला हवा लागली. गार होती.

गुंजनने पहिल्या दिवशी मला उचललं आणि लगेच खाली टेकवलं. डोमाजी बाजेवरून म्हणाले, "फिरवू नोको. पंधरा दिवस नुसता... उभा धर." ती धरायची. छातीसमोर, मग एका बाजूला, मग दुसऱ्या. डोमाजी डाव्या हाताच्या बोटांवर मोजायचे. तिसऱ्या आठवड्यात मी तिच्या डोक्यामागून गेलो. पहिल्या दिवशी तीन वेळा, आठवडा संपताना सात. तळव्याला फोड आले, फुटले, त्याखाली नवी कातडी आली.

बाकीचे वार आबाजींच्या जुन्याच हिशेबाने लागले. दारी आखाडा नव्हता, म्हणून बुधवारी तिने परसातल्या झाडांची आळी खणली. दोराऐवजी बोरीच्या फांदीला लटकायची. शुक्रवारी नाला. श्रावण लागला तेव्हा तिने सोमवार निर्जळी धरायचं ठरवलं. मला वाटलं सुमित्राबाईंना आवडेल. पण त्या म्हणाल्या, "उपास धर. पन दूध पे, केळं खा, शेंगदान्याचा लाडू खा. देवाले उपास पाह्यजे, उपाशी पोट्टी नाई पाह्यजे."

दिवाळीपर्यंत गुंजनच्या पोलक्याच्या बाह्या उसवाव्या लागल्या. शेजारची धुरपताबाई कुंपणावरून पाहायची. एक दिवस न राहवून बोललीच, "काय वो सुमित्राबाई, पोट्टीचे दंड त पायावानी झाले. कोन लगन करन हिच्यासंग?"

"कोनी नाई त नाई," सुमित्राबाई म्हणाल्या. "तुमच्या आडाचा रहाट जाम झाला होता, थो काल कोनं वढला?"

धुरपताबाई हसली. "हिनंच. तिसरी बादली भरून देल्ली वरतून."

मित्रांनो, हे सहज झालं असं समजू नका. मधे एक महिना काहीच वाढलं नाही. गोळा तेवढाच जायचा. गुंजन रोज चिडायची आणि रोज यायची. डोमाजी म्हणायचे, "लाकूड... वाळून राह्यलं." तिला ते कळायचं नाही. मला कळायचं.

दुसऱ्या भरतीचं पत्र आलं. मैदानी परीक्षेची तारीख फेब्रुवारीतली होती. त्या तारखेच्या आठ दिवस आधी, दुपारी, डोमाजी गेले. गुंजन मला फिरवत होती आणि ते मोजत होते. एकोणीस म्हटलं. विसावा आकडा आला नाही. तिने मागे वळून पाहिलं.

घरात मोठ्याने कोणी रडलं नाही. निकेश ओट्यावर बसून राहिला. सुमित्राबाईंनी भिंतीला पाठ टेकली ती संध्याकाळपर्यंत. सुतक लागलं. सुतकात देवाला हात लावायचा नसतो, म्हणून कोनाड्यावर पडदा ओढला आणि मीही त्यामागे गेलो. आठ दिवस गुंजनने मला शिवलं नाही. तिच्या हातातली वर्षभराची ताकद आतल्या आत बसत असणार. मला दिसत नव्हतं. पडद्याआड काही दिसत नाही.

परीक्षेच्या पहाटे गुलाबरावाचा आवाज ऐकू आला. "सुतकात कुठं जातं बापा? तेरवी व्हाची हाय. पुढच्या वर्षी पाहू."

पुढच्या वर्षीची मुदत नव्हती, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. 

सुमित्राबाई उठल्या. इतक्या वर्षांत मी त्यांचा आवाज चढलेला ऐकला नव्हता, तेव्हाही चढला नाही. "गुलाब, सुतकात देऊळ बंद असते. मैदान बंद नसते. तुह्या बापाचा मोजता मोजता जीव गेला. थे मोजनं वाया जाऊ देतो काय?"

त्यांनी पडदा सरकवला. गुंजन पुढे आली आणि थबकली. "आजी, सुतक हाय. शेंदराले कशी शिवू?"

सुमित्राबाईंनी माझ्याकडे पाहिलं. वरती पाच वर्षांचा शेंदूर, खाली उघडी मूठ.

"शेंदूर देवाचा. मूठ तुही. मूठ धर."

तिने मूठ धरली. तिच्या तळव्यावर नवा घट्टा होता. तो डोमाजींच्या खाचेत बसला नाही, थोडा वर बसला. तिने मला वीस वेळा फिरवलं. यावेळी सुमित्राबाई मोजत होत्या. एकोणीसनंतर त्या क्षणभर थांबल्या आणि मग वीस म्हणाल्या. निकेशने बाहेर मोटारसायकल चालू केली होती. दोघं वर्ध्याला गेली.

संध्याकाळी निकेश आधी आत आला. "आजी, लाडू नाई वाढला. गोळा फेकला. पट्टी धरून होता थो मानूस मागं सरकला."

गुंजनने दारातच चपला काढल्या आणि रिकाम्या बाजेपाशी जाऊन बसली.  उन्हाळ्यात यादी लागली तेव्हा तिचं नाव होतं. त्या दिवशी सुमित्राबाईंनी जिभेवर साखरेचा एक दाणा ठेवला. मला आनंद झाला असं म्हणवत नाही. तिने येऊन मूठ धरली तेव्हा मूठ गरम झाली, एवढं सांगतो.

आता दोन हजार आठ साल आहे. गुंजनची नेमणूक आष्टीला आहे. महिन्यातून एकदा ती येते, मला वीस वेळा फिरवते आणि मुठीला जवसाचं तेल लावून जाते. मधल्या दिवसांत निकेशही उचलतो. त्याचे दंड फोटोत दिसण्याइतके फुगलेले नाहीत. पण तेलाचा पिंप तो एकटा हलवतो.

मित्रांनो, माझं मागणं एकच आहे. जे तुम्हाला प्यारं आहे त्याला कोनाड्यात ठेवून नुसते हात जोडू नका. मग तो माझ्यासारखा मुद्गल असो की देवाने दिलेलं तुमचं शरीर. डब्यातल्या पुडीने त्याला फुगवू नका आणि आळसाने गंजवू नका. रोज थोडं वापरा, घरचं चार प्रकारचं खाऊ घाला, एक दिवस विसावा द्या, आणि ओल्या लाकडासारखा त्याला त्याचा वेळ घेऊ द्या. शेंदूर मला पाच वर्षं मिळाला. हात फार उशिरा मिळाला, आणि एका माणसाच्या हाताला तर मी मिळालोच नाही.

हे त्या माणसाच्या बायकोला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. सुमित्राबाईंच्या नेमांत हल्ली एक नेम वाढला आहे. सकाळी तुळशीला पाणी घालून झालं की त्या पडवीत येतात. कोणी नाही ना, हे पाहतात. पदर खोचतात, दोन्ही हातांनी माझी मूठ धरतात आणि मला कोनाड्याच्या फळीवरून वीतभर उचलतात.  मग रिकाम्या बाजेकडे तोंड करून त्या हळूच म्हणतात, "एक."

आणि मला जागेवर ठेवतात.